स्मार्ट रायफल स्वतः नेम धरते का? आत नेमकं काय चालतं ते सविस्तर

तुम्ही विचारलंय की एका व्हिडिओत आयुष्यात कधी रायफल न धरलेला माणूस 900 मीटरवरची लोखंडी प्लेट पहिल्याच गोळीत वाजवतो, तर ही रायफल आतल्या आत नळी वळवते का, की गोळीच हवेत वळते, आणि सगळं कॉम्प्युटरच करणार असेल तर माणसाला काय काम उरतं. मी लांब पल्ल्याची नेमबाजी शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं स्कोप आणि लेझर रेंजफाइंडर तपासायचं काम केलंय, त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी बिनसताना स्वतः बघितल्यात. जरा लांबेल, पण नीट सांगतो.

आधी सरळ उत्तर. नळी वळत नाही आणि गोळीही वळत नाही. गोळी एकदा नळीबाहेर पडली की ती बाकी कुठल्याही रायफलच्या गोळीसारखीच साधी गोळी. (हवेत दिशा बदलणाऱ्या गोळीवर अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने एक्झॅक्टो नावाचं वेगळं काम केलं होतं, .50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच जाडीची, गोळी होती, 2014-15 मध्ये चाचण्यांचे व्हिडिओही दाखवले होते. बरेच लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात म्हणून सांगितलं.) स्मार्ट रायफल दोनच कामं करते. नळी नेमकी कुठे रोखलेली असायला हवी ते काढते, आणि तुमच्या हलत्या हातात नळी त्या जागी येईपर्यंत गोळी अडवून धरते. नेम तुम्हीच धरता, ती योग्य क्षणाची वाट बघते. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता मुळात एवढा खटाटोप कशासाठी ते बघू, कारण 900 मीटर म्हणजे काय याचा अंदाज बहुतेकांना नसतो. उदाहरण म्हणून .308 कॅलिबरची 175 ग्रेनची (साधारण 11 ग्रॅमची) गोळी घ्या, नळीतून सेकंदाला साधारण 790 मीटर वेगाने निघते. 900 मीटर जायला तिला दीड सेकंदाच्या वर वेळ लागतो, आणि 100 मीटरला झिरो केलेल्या (म्हणजे 100 मीटरवर नेम आणि गोळी जुळवून ठेवलेल्या) रायफलमधून सरळ प्लेटवर नेम धरून मारली तर ती प्लेटच्या साडेनऊ-दहा मीटर खाली जाते, म्हणजे तीन मजल्यांएवढं. शिवाय शेवटी शेवटी गोळी तिरकी खाली येत असते, त्यामुळे अंतर मोजताना दहा मीटर चुकलात तरी गोळी वीसेक सेंटीमीटर वर किंवा खाली लागते. यात नुसत्या डोळ्याने अंतराचा अंदाज बांधणं म्हणजे अंधारात दगड मारणंच आहे.

आणि एवढं गणित बरोबर आलं तरी हात आहेच. नेमबाज लोक कोन मिलमध्ये मोजतात, 1 मिल म्हणजे 1000 मीटरवर 1 मीटर. आडवं झोपून, बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर) रायफल टेकवूनही नवख्या माणसाचं रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, श्वासाबरोबर, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलत असतं, आणि ट्रिगर ओढताना तर सगळ्यात जास्त हलतं. माझ्याकडे येणाऱ्या नवीन लोकांपैकी बहुतेकांचा नेम बरोबर असतो हो, पण रेटिकल मधोमध आलं की "आत्ता!" म्हणून बोट झटक्याने ओढतात आणि त्या झटक्यानेच नळी सरकते. अर्धा मिल सरकली तरी 900 मीटरवर 45 सेंटीमीटर, प्लेट चुकलीच.

म्हणजे दोन वेगवेगळ्या चुका आहेत, एक गणिताची आणि एक हाताची. स्मार्ट रायफल या दोन्हींना वेगवेगळ्या तऱ्हेने धरते.

तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुधा ट्रॅकिंगपॉइंटचा असणार, टेक्ससमधली ही कंपनी, त्यांनी 2013 च्या आसपास अशा रायफली बाजारात आणल्या, किंमत तेव्हा वीस हजार डॉलरच्या वर होती. त्यांची पद्धत अशी. स्कोपमधून बघताना तुम्हाला काचेतलं थेट दृश्य दिसत नाही, कॅमेऱ्याचं चित्र एका छोट्या स्क्रीनवर दिसतं. टार्गेटवर एक ठिपका ठेवायचा आणि ट्रिगरजवळचं बटण दाबायचं, याला ते टॅग करणं म्हणतात. बटण दाबलं की लेझर अंतर मोजतो, आणि चित्रातला तेवढा तुकडा कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. मग तुम्ही रायफल हलवा नाहीतर टार्गेट हलू दे, दर फ्रेममध्ये तो तुकडा पुन्हा शोधून ठिपका त्यावरच चिकटवून ठेवतो. ठिपका मनासारखा बसला नाही तर परत टॅग करायचं, गोळी खर्च होत नाही, घाई करायचं कारण नाही.

त्याचवेळी मागे गणित सुरू असतं. अंतर, हवेचं तापमान, दाब, आर्द्रता, रायफल वर-खाली किती कललीय, बाजूला किती कललीय, कुठल्या दिशेला रोखलीय, हे सगळं सेन्सर देतात. गोळीचं वजन, तिचा आकार हवा किती सहज कापतो तो आकडा, आणि नळीतून निघतानाचा वेग हे आधीच भरून ठेवलेलं असतं. नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हळूहळू एका बाजूला सरकते, उजव्या पिळाच्या नळीत उजवीकडे, या पल्ल्यावर साधारण वीसेक सेंटीमीटर, तेही यात धरतात. पृथ्वी फिरते त्याचाही हिशोब होतो, तो मात्र काही सेंटीमीटरचाच असतो, लोक त्यालाच भारी समजून त्यावर तासभर बोलतात आणि वाऱ्याकडे कुणी बघत नाही. वाऱ्यावर पुढे येतोच.

हवेच्या दाबाबद्दल एक अनुभव सांगतो कारण त्यातून कळतं की गणित बरोबर असून सगळं कसं चुकतं. समुद्रसपाटीपासून दीडेक हजार मीटर उंचीवरच्या एका रेंजवर आम्ही एक बॅलिस्टिक कॉम्प्युटर (गोळीच्या मार्गाचं गणित करणारा) तपासत होतो, आणि प्रत्येक गोळी टार्गेटच्या मीटरभर वरून जात होती. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, छान, घट्ट, फक्त मीटरभर वर. स्कोप बघितला, माउंटचे स्क्रू बघितले, काडतुसांचा लॉट बदलला, अर्धा दिवस गेला. शेवटी कळलं की दाबाचा आकडा हवामानाच्या अंदाजातून घेऊन हाताने भरला होता, आणि अंदाजात देतात तो आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. प्रत्यक्ष तिथे हवा खूप विरळ होती, गोळीला कमी अडवत होती, आणि कॉम्प्युटर मात्र खालच्या जाड हवेचा हिशोब करून नळी जास्त वर धरायला सांगत होता. रायफलीतच दाबाचा सेन्सर असण्याचा खरा फायदा इथे आहे, माणसाच्या हातून ही चूक होतच नाही. पण सेन्सरचेही लाड करावे लागतात. तापमानाचा सेन्सर तापलेल्या नळीजवळ किंवा भर उन्हात असेल तर तो हवेचं नाही, धातूचं तापमान सांगतो.

गणित झालं की कॉम्प्युटर स्क्रीनवर रेटिकल काढतो, आणि ते नळीच्या रेषेवर नसतं, गोळी जिथे जाऊन पोचणार आहे त्या जागेवर असतं. म्हणजे दहा मीटर वर नेम धरायची कटकट संपली. रेटिकल ठिपक्यावर नेलं की नळी आपोआप हवी तेवढी वर उचललेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ट्रिगर. साध्या रायफलीत ट्रिगर ठराविक वजनावर सुटतो, तेवढा दाब दिला की सुटला. इथे टॅग केल्यावर तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा तो सुटत नाही, कारण कॉम्प्युटरने त्याचं वजन वाढवून ठेवलेलं असतं. रेटिकलचा रंग बदलतो, म्हणजे रायफल तयार आहे. तुम्ही बोट दाबून धरायचं आणि रेटिकल हळूहळू ठिपक्यावरून न्यायचं. ठिपका आणि रेटिकल जुळले की वजन एकदम खाली येतं, आणि बोट आधीच दाबलेलं असल्यामुळे ट्रिगर सुटतो. मध्येच बोट सोडलंत तर काहीच होत नाही.

हे स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. असल्याच ट्रिगरवर एका अगदी नवीन मुलीला बसवलं होतं, तिने ट्रिगर दाबला आणि काही झालं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, बिघडलं का म्हणून. मी म्हटलं, बोट तसंच ठेव, फक्त रेटिकल ठिपक्याकडे ने. रेटिकल ठिपक्याच्या डावीकडून गेलं, परत आलं, थोडं वरून गेलं, असे चार-पाच सेकंद गेले, तिला आता गोळी सुटणार हे विसरायलाच झालं, आणि मग सुटली. गोळी कधी सुटणार हे माहीत नसल्यामुळे ती दचकली नाही, खांदा आवळला नाही. आम्ही कोच लोक वर्षानुवर्षं हेच शिकवायचा प्रयत्न करतो, की ट्रिगर हळू दाब आणि गोळी सुटल्याचं तुलाच आश्चर्य वाटू दे. मशीनने तेच दुसऱ्या वाटेने घडवलं.

ही कल्पना तशी नवीन नाहीये. लाटांवर डोलणाऱ्या युद्धनौकेवर तोफांची हीच अडचण होती, जहाज डुलतंय आणि तोफेचा कोन सतत बदलतोय. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाने जायरो (कल आणि फिरणं ओळखणारं यंत्र) लावून असं केलं की तोफखान्यातल्या माणसाने खटका दाबून धरायचा, आणि डुलता डुलता तोफ बरोबर कोनात आली की विजेचं सर्किट जोडलं जाऊन तोफ उडायची. आजच्या बऱ्याच रणगाड्यांतही खटका दाबल्यावर तोफ नेमाच्या रेषेशी जुळेपर्यंत गोळा थांबवतात. फरक एवढाच की आता कॅमेरा, जायरो, लेझर आणि प्रोसेसर हे सगळं खांद्यावर पेलण्याएवढं हलकं झालंय.

हलणाऱ्या टार्गेटचं काय, असं कुणीतरी विचारेलच. रुळावर ताशी 5 किलोमीटरने सरकणारं टार्गेट घ्या, चालण्याचा वेग. गोळी पोचेपर्यंत ते दोन मीटरच्या वर पुढे गेलेलं असतं. कॉम्प्युटर चित्रातला ठिपका किती सरकतोय आणि जायरोवरून रायफल किती फिरतेय हे बघून टार्गेटचा कोनीय वेग काढतो आणि रेटिकल तेवढं बाजूला सरकवतो. माणसाला हे जमायला वर्षं लागतात. पण यात एक गृहीत आहे, की ते दीड सेकंद टार्गेट त्याच वेगाने त्याच दिशेला जाईल. गोळी सुटल्यावर ते थांबलं की चुकलं, तिथे कुठलाच कॉम्प्युटर काही करू शकत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते, कारण व्हिडिओत हा भाग येत नाही. सगळ्यात मोठा म्हणजे वारा. याच गोळीला 900 मीटरवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा दोन मीटर किंवा थोडा जास्तच ढकलतो. आणि ट्रॅकिंगपॉइंटच्या रायफलला वारा मोजताच येत नव्हता, तो आकडा नेमबाजाने स्वतः अंदाज घेऊन बटणाने भरायचा. बरं, रायफलीजवळ वारा मोजायचं यंत्र ठेवलं तरी ते तुमच्या गालाजवळचा वारा सांगणार, 500 मीटरवर दरीतून येणारा वारा त्याला कळणार नाही. मी असं कितीदा बघितलंय की माझ्याकडे झेंडा शांत, मध्ये गवत डावीकडे झुकलंय आणि टार्गेटजवळची धूळ उजवीकडे उडतेय. तिथे गवत बघून, झाडाची पानं बघून, स्कोपमधून दिसणारी हवेची थरथर कुठे वाहतेय ते बघून मनात एक सरासरी आकडा धरावा लागतो. ताशी तीन किलोमीटर चुकलात तरी 40 सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. रायफल तो चुकीचा आकडा अत्यंत अचूकपणे पाळते आणि अत्यंत अचूकपणे प्लेटच्या बाजूला मारते.

दुसरं म्हणजे काडतुसं. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 3 मीटरचा फरक असणं अगदी सामान्य आहे, आणि तेवढ्यानेही 900 मीटरवर आठ-दहा सेंटीमीटर वर-खाली होतं. पुढची गोळी थोडी जलद निघणार की हळू हे रायफलला आधी कळायचा काही मार्ग नाही. म्हणून या रायफली कंपनीने जुळवून दिलेल्या ठराविक काडतुसांबरोबर विकल्या जात, दुसरी कुठली घातली की आत भरलेला आकडा खोटा ठरतो. नळीचा स्वतःचा फैलावही तसाच, रायफल मुळातच मोठा ग्रुप मारत असेल तर त्या ग्रुपच्या आत नेम आणणं कॉम्प्युटरच्या हातात नाही.

तिसरं, लेझर आणि ट्रॅकर, म्हणजे ठिपका टार्गेटवर चिकटवून ठेवणारा भाग. लेझरचा किरण सुईसारखा बारीक नसतो, लांब जाऊन पसरतो, 900 मीटरवर एक-दीड मीटर रुंद होऊ शकतो. टार्गेट लहान असेल आणि वाटेत गवताची पाती असतील तर तो गवताचं अंतर देतो, नाहीतर मागच्या टेकडीचं. मी तीनदा मोजतो आणि आकडा जवळच्या एखाद्या मोठ्या दगडाच्या अंतराशी ताडून बघतो, तेवढा वेळ घालवलेला परवडतो. ट्रॅकरचंही असंच, पांढऱ्या भिंतीपुढची काळी प्लेट तो सहज धरतो, पण वाळलेल्या गवतातली मातकट रंगाची वस्तू, त्यात दुपारची तापलेली थरथरणारी हवा, ठिपका हळूहळू सरकत बाजूच्या झुडपावर जाऊन बसतो आणि तुम्ही लक्ष दिलं नाही तर गोळी झुडपात. ठिपका कुठे आहे हे ट्रिगर दाबण्याआधी पुन्हा बघायचं, यात कंटाळा करून चालत नाही.

मग हॅकिंगचं जे तुम्ही ओझरतं ऐकलंय ते खरं आहे. 2015 मध्ये रुना सॅन्डविक आणि मायकल ऑगर या दोघांनी ट्रॅकिंगपॉइंटच्या रायफलच्या वाय-फायमधून आत शिरून दाखवलं. आत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा कॉम्प्युटर आहे, व्हिडिओ फोनवर दाखवण्यासाठी वाय-फाय दिलेलं. त्यांनी गोळीच्या वजनाचा आकडा बदलला, आणि रायफलने इमानेइतबारे त्या खोट्या वजनाचा हिशोब करून शेजारच्या टार्गेटवर गोळी मारली. नेमबाजाला स्क्रीनवर काही वेगळं दिसलं नाही. रायफल न उडणारी करणंही त्यांना जमलं. मात्र दुरून ती उडवणं जमलं नाही, कारण ट्रिगरवर माणसाचं बोट असल्याशिवाय ती सुटतच नाही. ही रचना मला फार महत्त्वाची वाटते. कॉम्प्युटरकडे फक्त नकार द्यायचा अधिकार आहे, होकार माणसाच्या बोटाचा. असल्या कुठल्याही यंत्राबद्दल ऐकलंत तर आधी हेच विचारा, की बोट काढल्यावर ते थांबतं का.

सगळ्या स्मार्ट रायफली ट्रिगरला हात घालतात असंही नाही. इस्रायलच्या स्मार्ट शूटर कंपनीची स्मॅश नावाची साइट (नेम धरायचं उपकरण) नेहमीच्या रायफलवर बसते, ड्रोनसारख्या हलत्या टार्गेटवर लॉक करते, आणि ट्रिगर दाबून धरला की योग्य क्षणी गोळी सोडते, म्हणजे तत्त्व हेच. उलट अमेरिकन लष्कराने 2022 मध्ये जिचं कंत्राट व्होर्टेक्स कंपनीला दिलं ती एक्सएम 157 साइट अंतर मोजते, हवा मोजते, गणित करते आणि कुठे नेम धरायचा ते दाखवते, पण ट्रिगर पूर्णपणे सैनिकाचा. माझं मत विचाराल तर जवळच्या, पटकन हलणाऱ्या टार्गेटसाठी पहिली पद्धत भारी पडते, आणि लांबच्या पल्ल्यावर चांगल्या शिकलेल्या माणसाला दुसरी पुरते, कारण त्याचा ट्रिगर आधीच सुधारलेला असतो आणि वाऱ्यात दोघांनाही सारखंच झगडावं लागतं.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, माणसाचं काम काय. अंतर, गोळीचं खाली पडणं, कललेली रायफल, चालत्या टार्गेटच्या किती पुढे मारायचं आणि ट्रिगरचा झटका, एवढं मशीन तुमच्याकडून घेतं. वारा वाचणं, ठिपका बरोबर वस्तूवर आहे का ते बघणं, त्या वस्तूच्या मागे काय आहे ते बघणं आणि बोट दाबायचं की काढायचं, हे तुमच्याकडेच राहतं. शिकायचं असेल तर साध्या रायफलवर, 100 मीटरवर, रिकामा (गोळी न भरता) ट्रिगर हळू दाबण्यापासूनच सुरू करा, असं मी सगळ्यांना सांगतो. या मशीनवर सुरुवात केलेले दोघंजण नंतर साध्या रायफलकडे आले तेव्हा त्यांना ट्रिगर दाबून धरायची सवय लागली होती, ती मोडायला काही आठवडे गेले.

आणि तो व्हिडिओ परत बघा. रेटिकलचा रंग बदलतो त्या क्षणापासून आवाज येईपर्यंत मोजा, दोन-तीन सेकंद तरी निघतील, तेवढा वेळ रायफल वाट बघतेय. मग स्क्रीनच्या कडेला वाऱ्याचा आकडा दिसतो का बघा. दिसला तर तो भरणारा कॅमेऱ्याच्या बाहेर, त्या नवख्याच्या शेजारी दुर्बीण लावून बसलेला असणार.